कोर्टाचं दार कुणासाठी अरुंद होतं?

फ्लोरिडा राज्यात १९९० पासून एक विचित्र तरतूद लागू आहे. डॉक्टरच्या किंवा रुग्णालयाच्या हलगर्जीपणामुळे एखादा माणूस दगावला, त्याचं वय पंचवीस किंवा त्याहून जास्त असलं, त्याला नवरा किंवा बायको नसली आणि लहान मूलही नसलं, तर त्याच्या आईवडिलांना आपल्या दुःखाची भरपाई मागता येत नाही. उलट बाजूनेही तसंच. विधवा आई डॉक्टरच्या चुकीने गेली, तर तिच्या तिशीतल्या मुलीला तो हक्क नाही. तीच आई रस्त्यावर ट्रकखाली सापडून गेली असती तर मुलीला हक्क होता. ऑपरेशनच्या टेबलावर गेली म्हणून नाही.

विरोधकांनी या तरतुदीला 'फ्री किल' असं नाव ठेवलंय. नाव भडक आहे, पण कायद्याचा हिशेब नेमका सांगणारं आहे. २०२५ साली राज्याच्या दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने ती रद्द करायचं ठरवलं. सत्ताधारी आणि विरोधक दोघेही एका बाजूला. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी मे महिन्यात नकाराधिकार वापरून विधेयक परत पाठवलं. कारण पन्नास वर्षं जुनं: दावे वाढतील, डॉक्टरांच्या विम्याचे हप्ते वाढतील, डॉक्टर राज्य सोडून जातील. भरपाईवर कमाल मर्यादा घालणार असाल तर बघू, असा त्यांचा सूर होता.

दावे आणि भरपाई आवरणाऱ्या अशा कायद्यांना अमेरिकेत 'टॉर्ट रिफॉर्म' म्हणतात. टॉर्ट म्हणजे, करार नसतानाही एकाच्या चुकीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान आणि त्याबद्दल दिवाणी कोर्टात मागायची भरपाई. आपल्या कायद्याच्या मराठी पुस्तकांत त्याला अपकृत्य म्हणतात. कोर्टाच्या आवारात मात्र तो शब्द कुणी उच्चारत नाही, तिथे सरळ 'क्लेम' चालतो. अमेरिकेत असा दावा ज्युरीपुढे चालतो. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की अजून नानावटी खटलाच आठवतो, पण तिकडे दिवाणी दाव्यातही ज्युरीचा हक्क राज्यघटनेच्या सातव्या दुरुस्तीत, १७९१ सालापासून लिहिलेला आहे. ती दुरुस्ती केंद्रीय कोर्टांपुरती, पण बहुतेक राज्यांच्या घटनांतही असाच हक्क आहे. जखमी माणसाला किती पैसे द्यायचे हे दुकानदार, शिक्षिका, बस ड्रायव्हर अशी सहा ते बारा माणसं बसून ठरवतात. उद्योगांना, विमा कंपन्यांना आणि डॉक्टरांच्या संघटनांना हेच खुपतं. ज्युरी भावनेच्या भरात वाट्टेल ते आकडे देते, वकील तिला भडकवतात, आणि त्याचा भुर्दंड शेवटी सगळ्या समाजाला बसतो, अशी त्यांची तक्रार आहे.

तक्रार पूर्ण खोटी आहे असं मला वाटत नाही. पण तिच्यावर जो उपाय काढला गेला, तो ज्या वकिलांना आणि ज्या वादींना आवरायचा म्हणून काढला, त्यांना फारसा लागतच नाही. कमाल मर्यादा बड्या दाव्याला जराशी कात्री लावते आणि छोट्या माणसाचा दावा जन्मालाच येऊ देत नाही. फ्लोरिडातल्या त्या मुलीचं जे होतं, ते अनेक राज्यांत कायद्यात तसं न लिहिताही होतं.

ते कसं होतं हे बघण्याआधी कॉफीचा किस्सा बाजूला करू, कारण तो मध्येच टपकणार. एका बाईने अंगावर कॉफी सांडून घेतली आणि मॅकडोनाल्ड्सकडून लाखो डॉलर उकळले, हा किस्सा मराठीतही हजार वेळा फिरलेला आहे. प्रत्यक्षात स्टेला लीबेक १९९२ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, आल्बुकर्कीत नातवाच्या उभ्या गाडीत बसल्या होत्या. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या घरात होती. मांड्यांची कातडी खोलवर भाजली, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी आधी कंपनीकडे २०,००० डॉलर मागितले. कंपनीने ८०० देऊ केले. खटल्यात बाहेर आलं की आधीच्या दहा वर्षांत अशाच भाजण्याच्या सातशेहून जास्त तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. ज्युरीने लीबेक यांनाही वीस टक्के जबाबदार धरलं. दंडात्मक भरपाईचा २७ लाख डॉलरचा आकडा म्हणजे कंपनीची दोन दिवसांची कॉफीविक्री होती, आणि न्यायाधीशांनी तोही ४,८०,००० वर आणला. शेवटी गुप्त तडजोड झाली. या हकिकतीतला २७ लाखांचा आकडा तेवढा जगभर गेला. ८०० चा कुठेच गेला नाही.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेतला जखमी माणूस सहसा वकिलाला पदरचे पैसे देत नाही. वकील केस घेतो, स्वतः खर्च करतो, जिंकला तर भरपाईतला तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त घेतो, हरला तर काहीच मिळत नाही. डॉक्टरविरुद्धचा दावा तर विलक्षण खर्चिक. चूक झाली हे दुसऱ्या डॉक्टरनेच येऊन सांगावं लागतं, आणि असा तज्ज्ञ तासांवर पैसे घेतो. कागदपत्रं, साक्षी, जबान्या, दोन-तीन वर्षांचं काम. वकिलाचे हजारो डॉलर खटला उभा राहायच्या आधीच संपतात. त्यामुळे केस घ्यावी की नाही हे तो त्याच हिशेबाने ठरवतो ज्या हिशेबाने एखादा बिल्डर प्लॉट घ्यावा की नाही ठरवतो.

भरपाईचे दोन भाग असतात. एक मोजता येण्यासारखा: दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, पुढच्या शुश्रूषेचा खर्च. दुसरा न मोजता येण्यासारखा: वेदना, अपंगत्व, माणूस गमावणं. कॅलिफोर्नियाने १९७५ साली 'मायक्रा' नावाचा कायदा करून या दुसऱ्या भागावर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. पहिल्या भागावर कुठलीही मर्यादा नाही. ऐकायला हे समतोल वाटतं. खऱ्या नुकसानीचा पैसा पूर्ण मिळतोय की, फक्त भावनेचा आकडा आवरलाय.

पण भूल देताना झालेल्या चुकीमुळे पंचेचाळिशीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर गेला, असं समजा. त्याची बुडालेली कमाईच काही दशलक्ष डॉलरची. मर्यादा असो वा नसो, वकील धावत येईल. त्याच टेबलावर, त्याच चुकीने, निवृत्त शिक्षिका गेली तर? कमाई नाही, पुढचा औषधोपचार नाही, कारण ती जिवंतच नाही. उरतो फक्त दुसरा भाग, आणि त्याला अडीच लाखांचं छत. त्यातून वकिलाचा हिस्सा वजा करा, त्यावरही मायक्राने मर्यादा घातलेली. तज्ज्ञांचा खर्च वजा करा. ही केस कोण घेणार? घरी मुलं सांभाळणारी बाई, चार वर्षांचं पोर, वृद्धाश्रमातले आजोबा, सगळ्यांचं हेच. त्यातही एक भयंकर विसंगती आहे: प्रसूतीत चूक होऊन मूल जन्मभर अंथरुणाला खिळलं, तर शुश्रूषेच्या खर्चामुळे दावा उभा राहतो, मूल मेलं, तर तो उभा राहणं कठीण. मेलेलं मूल स्वस्त पडतं. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात असं काही असेल असं मी म्हणत नाही. पण आकड्यांनी तेच केलं.

शिवाय १९७५ चे अडीच लाख २०२२ पर्यंत अडीच लाखच राहिले. सत्तेचाळीस वर्षांत महागाईशी ते कधी जोडलेच गेले नाहीत. तेवढीच किंमत टिकवायची असती तर आकडा दहा लाखांच्या वर न्यावा लागला असता. म्हणजे दरवर्षी, विधिमंडळात एक शब्दही न बोलला जाता, दार थोडं थोडं अरुंद होत गेलं. शेवटी २०२२ साली सार्वमताची टांगती तलवार आली तेव्हा दोन्ही बाजूंनी तडजोड केली. २०२३ पासून इजेसाठी साडेतीन लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख, दहा वर्षांत चढत साडेसात लाख आणि दहा लाखांपर्यंत. ही तडजोड करायला डॉक्टरांच्या संघटनाही तयार झाल्या, यावरून जुना आकडा किती टिकण्यासारखा उरला होता ते कळतं.

टेक्सासने कॅलिफोर्नियाचाच धडा २००३ साली गिरवला, आणि जास्त कडकपणे. डॉक्टरांपुरती अडीच लाखांची मर्यादा, रुग्णालयांसाठी वेगळी, सगळं मिळून साडेसात लाखांच्या पलीकडे नाही. आपत्कालीन विभागातल्या उपचारांसाठी तर साधा हलगर्जीपणा पुरेसा नाही. जाणूनबुजून बेपर्वाई केली हे दाखवावं लागतं. रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून गेलेल्या माणसाला गॅसेस आहेत म्हणून घरी पाठवलं, तर ही पायरी ओलांडणं जवळजवळ अशक्य. अशी मर्यादा टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली राज्यघटनेविरुद्ध म्हणून रद्द केली होती, कारण तिथल्या राज्यघटनेत 'न्यायालयं सर्वांना खुली राहतील' असं कलम आहे. म्हणून या वेळी राज्यघटनाच बदलली. सप्टेंबर २००३ मध्ये मतदान झालं आणि दुरुस्ती जेमतेम ५१ टक्क्यांनी मंजूर झाली. इलिनॉय आणि जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयांनी २०१० साली आपापल्या राज्यांतल्या मर्यादा रद्द केल्या. टेक्सासच्या न्यायालयाचे हात मात्र मतदारांनीच बांधून ठेवले.

त्या बदल्यात टेक्सासला काय मिळालं? दाव्यांची संख्या आणि दिलेली भरपाई निम्म्याहून खाली आली, याबद्दल वाद नाही. विम्याचे हप्तेही उतरले. पण आश्वासन त्याहून मोठं होतं: डॉक्टर राज्यात येतील, खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळतील, खटल्याच्या भीतीने केल्या जाणाऱ्या अनावश्यक तपासण्या थांबतील, आरोग्यसेवा स्वस्त होईल. बर्नार्ड ब्लॅक, डेव्हिड हायमन आणि चार्ल्स सिल्व्हर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह हे वर्षानुवर्षं तपासलं. डॉक्टरांची संख्या आधीपेक्षा वेगाने वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. सरकारी मेडिकेअर योजनेचा खर्चही कमी झालेला दिसला नाही. या मंडळींना वादींच्या वकिलांचे भाट म्हणून उडवून लावता येत नाही; हायमन स्वतः डॉक्टर आहेत आणि बाजारवादी म्हणून ओळखले जातात.

विम्याच्या हप्त्यांचं गणितही दाव्यांएवढंच दाव्यांबाहेरच्या गोष्टींवर चालतं. हप्ते भडकले ते सत्तरच्या दशकाच्या मध्यात, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आणि २००१ नंतर. दाव्यांचा खर्च हे मोठं कारण होतंच. पण विमा कंपन्या आज हप्ता घेतात आणि भरपाई काही वर्षांनी देतात. मधल्या काळात तो पैसा गुंतवतात. गुंतवणुकीवरचं उत्पन्न पडलं की तूट हप्त्यातून भरून काढतात. संकट आलं की आकडेमोड कुणी बघत नाही, वकिलाकडे बोट दाखवणं सोपं पडतं.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं. हार्वर्डच्या अभ्यासकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ५१ रुग्णालयांचे १९८४ सालचे तीस हजारांहून जास्त केसपेपर तपासले. १९९१ मध्ये निष्कर्ष आले. हलगर्जीपणामुळे इजा झालेल्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी लोकांनी दावा केला होता. टॉर्ट रिफॉर्मचे विरोधक हा आकडा तोंडपाठ म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात: पूर नाही, दुष्काळ आहे. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की जे दावे झाले, त्यांतल्या बहुसंख्य प्रकरणांत तपासणाऱ्या डॉक्टरांना हलगर्जीपणा आढळलाच नाही. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला ते येत नाहीत, आणि जे येतात त्यांतल्या कित्येकांवर तो झालेला नसतो. २००६ साली डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी १,४५२ निकाली दावे तपासले तेव्हा चित्र जरा निवळलं. चूक नसलेल्या बहुतेक दाव्यांत पैसे मिळालेच नव्हते. पण भरपाई म्हणून दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे ५४ सेंट वकील, तज्ज्ञ आणि कोर्टकचेरीवर गेले होते, आणि इजा झाल्यापासून निकाल लागेपर्यंत सरासरी पाच वर्षं.

एवढी उधळी यंत्रणा चालू ठेवावी असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूचा नाही. पण ती बदलायची असेल तर न्यूझीलंडसारखी बदला. १९६७ साली न्यायमूर्ती वुडहाउस यांच्या आयोगाने तिथे सुचवलं की अपघाताने झालेल्या इजेसाठी कोर्टात जाणंच बंद करावं, आणि त्याच्या जागी चूक कुणाची हे न विचारता प्रत्येक जखमी माणसाला उपचार आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग देणारा सार्वजनिक निधी उभा करावा. १ एप्रिल १९७४ पासून ती व्यवस्था चालू आहे. तिच्यावरही टीका होते. डॉक्टरला जाब विचारायची जागा उरत नाही, ही त्यातली मोठी. पण सौदा सरळ आहे: तुमचा दावा करायचा हक्क घेतो, त्याबदल्यात हे देतो. अमेरिकेत कामगारांना झालेल्या इजांबाबत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असाच सौदा झाला होता. टेक्सासने आणि कॅलिफोर्नियाने हक्क घेतला आणि बदल्यात सांगितलं की डॉक्टर येतील.

दार बंद करण्याचा आणखी एक रस्ता आहे, आणि तो विधिमंडळातून जातच नाही. व्हिन्सेंट आणि लायझा कॉन्सेप्शियन या जोडप्याने एटी अँड टीचा 'फुकट' फोन घेतला. कंपनीने त्यावर ३०.२२ डॉलर विक्रीकर लावला. त्यांनी इतर ग्राहकांच्या वतीनेही दावा लावला. करारात मात्र बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वाद लवादापुढेच जाईल आणि प्रत्येकाने एकट्याने जायचं. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी १९२५ च्या लवाद कायद्याचा आधार घेऊन ते कलम उचलून धरलं. न्यायमूर्ती ब्रायर यांनी विरोधी मतात विचारलं की तीस डॉलरच्या दाव्यासाठी कोणता शहाणा वकील उभा राहील? मर्यादेच्या कायद्यांना लागू पडणारा प्रश्न हाच आहे. हक्क कागदावर कुणीच काढून घेत नाही. तो वापरणं कुणाला परवडू नये, एवढीच व्यवस्था केली जाते.

आपला या सगळ्याशी संबंध काय, असं कुणी म्हणेल. संबंध जुना आहे, आणि दुखरा आहे. भोपाळमध्ये २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला आणि काही दिवसांतच अमेरिकन वकील तिथे उतरले. मेल्विन बेली यांनी त्याच महिन्यात वेस्ट व्हर्जिनियात पंधरा अब्ज डॉलरचा दावा ठोकला. टॉर्ट रिफॉर्मवाले ज्यांचं व्यंगचित्र काढतात ते वकील नेमके हेच, आणि त्यांना गिधाडं म्हणणं तेव्हाही सोपं होतं. पुढे भारत सरकारने खास कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने बोलण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं. तिथे युनियन कार्बाइड म्हणाली, खटला भारतात चालवा. आपलं सरकार म्हणालं, नको, आमची कोर्टं याला पुरी पडणार नाहीत. आपल्याच न्यायव्यवस्थेविरुद्ध आपल्याच सरकारचा युक्तिवाद! त्यासाठी भारतीय कायद्याचे अमेरिकन अभ्यासक मार्क गॅलँटर यांचं प्रतिज्ञापत्र दिलं गेलं. उलट बाजूने, भारतीय कोर्टं समर्थ आहेत हे सांगायला कार्बाइडने नामवंत वकील नानी पालखीवालांचं प्रतिज्ञापत्र आणलं. हेच गॅलँटर त्याच दशकात अमेरिकेत लिहीत होते की 'दाव्यांचा स्फोट' हे तिकडचं मिथक आहे. एकाच अभ्यासकाने एका देशाला सांगितलं की तुमच्याकडे पूर आलेला नाही, आणि दुसऱ्या देशाबद्दल सांगितलं की तिथे नळालाच पाणी नाही. दोन्ही वेळा तो बरोबर होता असं मला वाटतं.

न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे १९८६ मध्ये खटला भारतात पाठवला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांना कुणी विचारलं नाही. जास्त रक्कम मिळावी म्हणून केलेली केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. पालखीवालांच्या शब्दाची परीक्षा झाली ती अशी.

नळाला पाणी का नाही? कारणं डोळ्यांसमोर आहेत. भरपाईच्या हिश्शावर केस घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे, त्यामुळे गरीब माणसाचा खर्च उचलणारं कुणी नाही. आडून जे चालतं ते चालतं, पण त्यात पक्षकाराला संरक्षण नाही. दिवाणी दाव्याला रकमेनुसार चढती कोर्ट फी. मग तारखा. डॉ. कुणाल साहा यांच्या पत्नीचा १९९८ साली कोलकात्यातल्या चुकीच्या उपचारांनंतर मुंबईत मृत्यू झाला. त्यांनी पंधरा वर्षं झुंज दिली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये आणि व्याज मंजूर केलं. भारतातल्या वैद्यकीय हलगर्जीपणाच्या दाव्यांत तोवर एवढी रक्कम कुणाला मिळाली नव्हती. साहा स्वतः अमेरिकेत स्थायिक झालेले डॉक्टर. पुस्तकं, पैसा, वेळ, चीड, सगळं त्यांच्याकडे होतं. हे ज्याच्याकडे नाही तो 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' म्हणत घरी बसतो, आणि आपण त्यालाच समंजस म्हणतो.

एका ठिकाणी मात्र आपल्याकडे दार खरोखर उघडं राहिलं: मोटार अपघाताचे क्लेम. वेगळं प्राधिकरण, कोर्ट फी नाममात्र, भरपाई मोजण्याची ठरलेली पद्धत, पैसे द्यायला विमा कंपनी. तालुक्याच्या गावातला वकीलही हे काम करू शकतो. ज्या देशात वर्षाला १,७०,००० च्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात, तिथे सामान्य माणसाचा टॉर्टशी येणारा संबंध बहुतेक एवढाच. इथे दुःखाच्या रकमेवर छत आधीपासून आहे, आणि ते न्यायालयानेच घातलंय. प्रणय सेठी प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सहवास गमावल्याचे ४०,००० रुपये ठरवले. पुढे आईवडिलांना आणि मुलांनाही तो हक्क मिळाला. चाळीस हजार! कॅलिफोर्नियाच्या अडीच लाख डॉलरशी तुलनाही नको. पण दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ त्याच निकालात लिहून ठेवली आहे, जे कॅलिफोर्नियाला सत्तेचाळीस वर्षांत सुचलं नाही. आणि घर चालवणाऱ्या बाईची कमाई शून्य धरायची नाही, हे आपली न्यायालयं २००१ च्या लता वाधवा निकालापासून सांगत आली आहेत. 

या उघड्या दाराला आतून कडी घालायचा प्रयत्न गेली काही वर्षं चालू आहे. २०१६ च्या मोटार वाहन दुरुस्ती विधेयकात विमा कंपनीची जबाबदारी मृत्यूसाठी दहा लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पाच लाखांवर थांबवण्याचा प्रस्ताव होता. उरलेली रक्कम ट्रकमालकाकडून वसूल करायची. ट्रकमालकाकडून विधवेने वसुली करायची म्हणजे काय, हे ज्याने एकदा दरखास्त लावून पाहिलीय त्यालाच विचारा. विरोध झाला, आणि २०१९ च्या कायद्यात ती मर्यादा आली नाही. पण दुसरी गोष्ट आली आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. कलम १६६(३): अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला नाही तर तो दाखलच करून घ्यायचा नाही. उशीर माफ करायचीही सोय नाही. १९८८ च्या मूळ कायद्यात अशीच मुदत होती, पण निदान बारा महिन्यांपर्यंत उशीर माफ होत असे. अनुभव इतका वाईट आला की संसदेने १९९४ साली मुदतच काढून टाकली. पंचवीस वर्षांनी ती परत आणली, आणि आधीपेक्षा कडक करून. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली.

खोटे क्लेम, वर्षानुवर्षांनी उगवणारे क्लेम, एजंट-पोलीस-डॉक्टरांची साखळी, हे विमा कंपन्यांचं म्हणणं आहे. साखळ्या आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण साखळीतला एजंट सहा महिने थांबत नाही. तो अपघाताच्या दिवशीच सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात असतो. सहा महिने उलटतात ते ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे, कोमात असलेल्या माणसाचे, परराज्यातून आलेल्या मजुराच्या बायकोचे, जिला नवरा कुठल्या ठाण्याच्या हद्दीत मेला हे कळायलाच वेळ लागतो.

या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि अंतिम निकालापर्यंत केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असं न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. पण न्यायालयाची वाट बघायचीही गरज नाही, कारण उपाय त्याच कायद्यात पडून आहे. कलम १६६(४) म्हणतं की पोलिसांनी पाठवलेला अपघाताचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजावा. २०२२ च्या नियमांनी पोलिसांना ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाकडे पाठवणं बंधनकारक केलंय. हे पाळलं गेलं तर कुठल्याही विधवेला वकील शोधायच्या आधीच तिचा अर्ज दाखल झालेला असेल. पाळलं गेलं नाही तर चूक ठाण्याची, आणि दावा मात्र तिचा मरतो. तेव्हा संसदेला सहा महिन्यांची अट ठेवायचीच असेल तर ठेवू दे; फक्त ती मोजायची पोलिसांचा सविस्तर अहवाल कुटुंबाच्या हातात पडल्याच्या तारखेपासून, एवढं एक वाक्य कलमात घालावं.